कार्लसन, गुन्नार

(२२ ऑगस्ट १९५२ – ). अमेरिकन गणितज्ञ. बैजिक संस्थितिविज्ञान व त्याचा आधारसामग्रीच्या विश्लेषणातील उपयोग यांसंबंधीच्या कार्याकरिता प्रसिद्ध. त्यांचा जन्म स्टॉकहोम येथे झाला. हार्व्हर्ड विद्यापीठाची पदवी मिळविल्यावर त्यांनी १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची पीएच्.डी. पदवी संपादन केली. १९९१ मध्ये ते तेथेच प्राध्यापक झाले. सान्त गटांच्या बैजिक व संस्थितीय वर्णनांतील संबंध सांगणारे सीगल यांचे अनुमान त्यांनी सिद्ध केले (१९८४). तथापि सामान्य वाचकास त्यांचे नंतरचे संशोधन अधिक उद्बोधक वाटेल.

आकृती ताणली वा वाकविली तरी तिच्यातील छिद्रांची संख्या बदलत नाही. संस्थितिविज्ञानात अशाच गुणधर्मांचा विचार होतो. मोजमापांतून मिळणारी आधारसामग्री मात्र सुट्या बिंदूंची असते व सुट्या बिंदूंत छिद्र कोठले? म्हणून प्रत्येक बिंदूभोवती गोल कल्पून त्याची त्रिज्या क्रमाने वाढवितात. गोल परस्परांस भिडले की, तुकडे जोडले जातात, पोकळ्या उद्भवतात व पुढे बुजतात. नेमकी कोणती त्रिज्या योग्य, हे ठरविण्याची गरजच येथे राहत नाही; प्रत्येक पोकळी किती काळ टिकली एवढेच नोंदवितात. दीर्घकाळ टिकणारी पोकळी आधारसामग्रीच्या आकाराची निदर्शक, तर अल्पजीवी पोकळी बहुधा मापनातील त्रुटींमुळे आलेली मानतात. एडेल्सब्रुनर, लेचर व झोमोरोडियन यांनी २००० च्या सुमारास मांडलेल्या या कल्पनेची बैजिक बैठक झोमोरोडियन व कार्लसन यांनी स्पष्ट केली (२००५).

निसर्गदृश्यांच्या छायाचित्रांतील ३ × ३ चित्रबिंदूंचे, छायाप्रकाशाचा ठळक भेद असणारे तुकडे कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने तपासले (२००८). अशा तुकड्यांपैकी वारंवार आढळणारे तुकडे क्लाइन बाटलीच्या (आतील व बाहेरील बाजू असा भेद नसलेल्या पृष्ठाच्या) आसपास वसतात, असे दिसून आले. केवळ गणिती कुतूहल म्हणून ओळखले जाणारे हे पृष्ठ छायाचित्रांत आढळावे, हे खरोखर अनपेक्षित होते.

बिंदूंचे एकमेकांत अंशतः मिसळणारे समूह पाडून त्यांच्या जोडणीचा आराखडा काढण्याची ‘मॅपर’ पद्धती सिंग, मेमोली व कार्लसन यांनी २००७ मध्ये मांडली. तिच्या साहाय्याने निकोलाऊ, लेव्हीन व कार्लसन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या अर्बुदांतील जनुकांच्या क्रियाशीलतेचा अभ्यास केला (२०११). त्यात वेगळा पडलेल्या एका छोट्या उपगटातील सर्व रुग्ण जगले व कोणाचाही रोग शरीरात अन्यत्र पसरला नाही. रूढ वर्गीकरणात हे रुग्ण विखुरले जात. सौम्य रोगाच्या रुग्णास तीव्र उपचारांतून वाचविता आले, तर तो लाभ मोठा ठरेल. परंतु उपगट लहान असल्याने त्यावरून उपचार ठरविण्यापूर्वी अधिक रुग्णांत पडताळा घेणे आवश्यक असते.