धुऱ्यावरचा दंश, सातबाऱ्यावरचे नाव

अलीकडच्या वर्षांत भंडारा जिल्ह्याचे नाव देशभर पोचले ते दोन दुर्घटनांमुळे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. दहा तान्ही बाळे गेली, सात वाचली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगारांचा जीव गेला. दोन्ही वेळा चौकशा बसल्या, मदत जाहीर झाली, साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. पण याच जिल्ह्यात पावसाळ्याच्या दिवसांत एक अपघात घडत राहतो आणि त्याची बातमी झालीच तर आतल्या पानावर चार ओळींची होते. तो म्हणजे सर्पदंश.

भारतात सर्पदंशाने किती माणसे मरतात याचा आवाका फार उशिरा ध्यानात आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने घरोघरच्या मृत्यूंची कारणे तपासून सांगितले की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख लोक सर्पदंशाने दगावले. वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले बहुतेक खेड्यातले आणि निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले. 'दुर्लक्षित' हे विशेषण आपल्याकडे तरी अक्षरशः लागू पडते.

भंडाऱ्याचे भूचित्र डोळ्यांपुढे आणले की हे चार महिने इतके घातक का, ते कळते. वैनगंगेचे खोरे, जुने मालगुजारी तलाव, पवनी-लाखांदूरचा चौरास भाग आणि सगळीकडे धान. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकायचे, मग चिखलणी, मग रोवणी. बांधीत पाणी भरले की बिळांतले उंदीर-घुशी कोरड्या जागेकडे, म्हणजे धुऱ्याकडे सरकतात. त्यांच्या मागे साप सरकतात. माणसालाही चालायला तोच धुरा. वितभर रुंदीच्या त्या ओल्या, गवताळ पट्टीवर तिघांची गाठ पडते. घराकडे यावे तर तिथे तणसाचे ढीग आणि धानाची पोती असतात. उंदरांना तिथे खाणे मिळते आणि उंदीर असले की साप येतातच.

विषारी सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार भारतातल्या बहुतांश मृत्यूंना कारणीभूत धरले जातात. नागाचा दंश माणसाला समजतो. जागा सुजते, दुखते, मग पापण्या मिटू लागतात. घोणसाच्या दंशाची कळ असह्य असते. त्याचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवते, हिरड्यांतून रक्त येते, मूत्रपिंडे निकामी होतात. मण्यार मात्र विलक्षण. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचे दात इतके बारीक की झोपमोडही होत नाही. सकाळी माणूस पोट दुखते, घसा दुखतो म्हणत उठतो. दंशाची खूण सापडत नाही, म्हणून घरचे अपचनाचे औषध देतात. दुपारपर्यंत पापण्या खाली येतात, बोलणे जड होते आणि श्वास थांबू लागतो.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला रुग्ण डोळा हलवू शकत नाही, बोट उचलू शकत नाही, बुबुळे प्रकाशाला दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला तो मेल्यासारखा वाटतो. पण अनेकदा तो पूर्ण शुद्धीत असतो, आजूबाजूचे सगळे ऐकत असतो. विष मेंदूला लागलेले नसते. ते मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यात अडलेले असते. कृत्रिम श्वास काही दिवस चालू ठेवला तर असा माणूस उठून घरी चालत जातो. म्हणूनच डॉक्टरने सांगेपर्यंत सर्पदंशाच्या रुग्णाला मृत समजू नये, आणि खाटेजवळ रडारड करू नये. तो ऐकत असतो.

प्रतिविषाची कथाही अशीच अद्भुत आहे. १८९०च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने, व्हिएतनाममधल्या पुरात नाग गावात शिरून माणसांना चावल्याचे पाहिल्यावर, त्यांच्या विषावरचा रक्तद्रव तयार करायचे काम हाती घेतले. पुढे क्षयाची बीसीजी लस शोधण्यात ज्यांचा वाटा होता तेच हे काल्मेत. पद्धत आजही मुळात तीच आहे: घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा वाढवत वाढवत टोचायची, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होऊ द्यायची, ती काढून शुद्ध करायची. मुंबईत परळच्या हाफकिनने हे औषध महाराष्ट्राच्या ओळखीचे केले. भारतात मिळणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी बिघडत नाही. साप मारून, पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची गरज नाही. त्या झटापटीत दुसऱ्या माणसालाही दंश होऊ शकतो. आणि पालकांना चकित करणारी एक गोष्ट: लहान मुलाला प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच द्यावे लागते. औषध मुलाच्या वजनाशी लढत नाही, सापाने सोडलेल्या विषाशी लढते, आणि मूल पाहून साप विष कमी सोडत नाही.

निदानाला महागडे यंत्रही लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी वीस मिनिटे न हलवता ठेवायची, मग तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरसे. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, कारण रक्ताचे गोठणे काचेच्या स्पर्शाने चालू होते. प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचे रक्तही वीस मिनिटांत गोठेल याचा भरवसा नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात वीज गेलेली असतानाही ही तपासणी होते.

रुग्ण तिथे वेळेत पोचला पाहिजे, एवढीच खरी अडचण. दोरी आवळू नये, ब्लेड मारू नये, तोंडाने ओढू नये. हात किंवा पाय खपच्ची लावून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये, १०८ ला फोन करावा किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही. दंश झालेल्या अनेकांना बिनविषारी सापच चावलेला असतो किंवा विषारी सापाने विष सोडलेलेच नसते. मंत्राला यश मिळते ते या लोकांवर, आणि त्या यशाच्या भरवशावर पुढचा माणूस मरतो.

प्रतिबंधाच्या गोष्टी साध्या आहेत, पण धानाच्या जिल्ह्यात त्या शहाणपणाने सांगायला हव्यात. 'गमबूट घाला' हा सल्ला धुऱ्यावर, गवत कापताना, तणस उचलताना उत्तम आहे. रोवणीच्या चिखलात मात्र बूट रुतून बसतो आणि बाई काम करू शकत नाही. तिथे धुऱ्यावरून जाताना पुढे काठी आपटत जाणे आणि पेंढी उचलण्याआधी काठीने हलवणे एवढेच शक्य असते. घरात खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे, आणि हिवतापाचाही बंदोबस्त त्याच मच्छरदाणीत होतो. आणखी एक उपाय शेतकऱ्याच्या हातात नाही. उन्हाळी धानाला पाणी द्यायला कृषिपंपाची वीज रात्री आली की माणूस बॅटरी घेऊन धुऱ्यावरून मोटार चालू करायला जातो. दिवसा विजेची मागणी ही सोयीची मागणी म्हणून मांडली जाते. मला ती जिवाची मागणी वाटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळू लागली की किती रात्रीचे दंश टळले, हे कुणीतरी मोजावे.

आता भरपाई. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या अपघाताला विमा देण्याची योजना २००५-०६ पासून आहे. नावे बदलत गेली. विमा कंपन्या दावे लांबवतात, किरकोळ त्रुटी काढून फेटाळतात अशा तक्रारी इतक्या वाढल्या की शासनाने कंपन्यांना मधून काढले आणि एप्रिल २०२३ पासून 'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' आणली. आता पैसे सरकार थेट देते. वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५, यांना चोवीस तास संरक्षण आहे. हप्ता नाही, पॉलिसीचा कागद नाही. अपघाती मृत्यूला दोन लाख, दोन अवयव किंवा दोन डोळे गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख. रस्ता, रेल्वे, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का, वीज पडणे, उंचावरून पडणे, फवारणीची विषबाधा, जनावराचा हल्ला, सर्पदंश आणि विंचूदंश हे सगळे अपघात त्यात येतात. (विंचूदंश आता पूर्वीइतका जीवघेणा उरला नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे साधे औषध त्यावर यशस्वी करून दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.)

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत करायचा. सातबारा, वारसाची गाव नमुना ६-क मधली नोंद, वयाचा पुरावा, मृत्यूचा दाखला आणि अपघात खरेच अपघात होता हे सांगणारे पोलिसांचे व डॉक्टरांचे कागद. दावा अडतो तो बहुधा या शेवटच्या कागदांवर. सर्पदंशाने माणूस गेला की घरचे शवविच्छेदनाला तयार नसतात. 'आता देहाची चिरफाड कशाला' ही भावना समजण्यासारखी आहे. पण मण्यारीच्या दंशाची खूण दिसत नाही, आणि अहवाल नसेल तर कागदावर तो मृत्यू पोटदुखीचा ठरतो. पोलीस पाटलाने त्या क्षणी कुटुंबाजवळ बसून एवढे समजावले तर पुढचे अर्धे काम होते. रुग्ण जिवंत असताना दवाखान्याच्या कागदावर 'सर्पदंश' हा शब्द आणि वेळ लिहून घेणे तितकेच महत्त्वाचे.

योजनेला उणिवा आहेत. घोणसाच्या विषाने मूत्रपिंड गेलेला तरुण डायलिसिसवर जगतो, पण त्याचे हात, पाय, डोळे शाबूत असतात आणि भरपाईच्या तक्त्यात मूत्रपिंड नाही. मोठी उणीव सातबाऱ्यातच आहे. रोवणीला बांधीत वाकलेल्या बायकांकडे पाहा. त्यांतल्या कितीतरी जणींच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही. कुणी मजुरीने आलेली, कुणाच्या नवऱ्याने शेत बटईने केलेले. धुऱ्यावर साप चावून शेतमालक गेला तर दोन लाख, त्याच धुऱ्यावर मजूर बाई गेली तर शेतकरी अपघात योजनेतून काहीच नाही. ज्या कामातून अपघात येतो ते काम करणाऱ्याला संरक्षण हवे, जमीन कुणाची हे पाहून नव्हे.

हे अशक्य नाही, कारण याच जिल्ह्यात दुसऱ्या अपघातांना सातबारा विचारला जात नाही. कोका अभयारण्याच्या किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेच्या गावात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईवर वाघाने हल्ला केला आणि ती गेली, तर वनविभाग वारसांना २५ लाख रुपये देतो. ही रक्कम २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाख आणि २०२३ मध्ये २५ लाख झाली. वीज पडून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तहसील कार्यालयातून चार लाख मिळतात, तो भूमिहीन असला तरी. मग साप? नाग आणि घोणस वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकेच संरक्षित आहेत, पण आपल्या वनविभागाच्या भरपाईच्या यादीत साप नाही. केरळने मात्र जंगलाबाहेरच्या सर्पदंशाच्या मृत्यूलाही शासकीय भरपाई देऊ केली आहे. महाराष्ट्राने तो निर्णय मागवून वाचावा, एवढी मागणी धान पिकवणाऱ्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत करायला हरकत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंश प्रतिबंधाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे त्यात ठरले आहे. त्याच वर्षी प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवण्यात आले. नोंदी नीट झाल्या तर कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, मालकाला की मजुराला, हे प्रथमच आकड्यांत दिसेल.

तोपर्यंत मजुरासाठी एक दार उघडे आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये हप्ता आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेत किंवा पोस्टात बचत खाते असलेल्या कुणालाही ती घेता येते आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. सर्पदंश आणि झाडावरून पडणे यांनाही ती लागू आहे, फक्त कारण दवाखान्याच्या तत्काळ नोंदीतून सिद्ध व्हायला हवे. जमीन लागत नाही. शेतकऱ्यांच्या योजनेत असलेली व्यक्तीही ती वेगळी घेऊ शकते. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि हप्ता त्याच सुमारास खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात तेवढे पैसे नसतील तर विमा बंद पडतो, आणि नेमके तेव्हाच मजुराच्या हातात काम नसते. बचत गटाच्या मे महिन्याच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा, प्रत्येकीच्या पासबुकात गेल्या वर्षीच्या कपातीची नोंद आहे का ते पाहावे, नसेल तर बँकेत संमतीचा अर्ज भरून द्यावा आणि वारसदाराचे नाव लिहिले आहे ना, ते तपासावे. पऱ्हे टाकायला त्यानंतर पंधरवडा उरलेला असतो.