डाळिंबावरील सुरसा

डाळिंबाच्या बागेत बहाराची फुले लागली, की झाडांभोवती एक लहानसे फुलपाखरू झपाट्याने उडताना दिसते. पंख पसरले असता त्याची रुंदी चार ते पाच सेंटिमीटर भरते. नराचे पंख वरून चकचकीत निळसर जांभळे, तर मादीचे तपकिरी जांभळे असून तिच्या पुढील पंखावर नारिंगी डाग असतो. मागील पंखास दोऱ्यासारखे बारीक शेपूट असते. पुष्कळ बागाईतदार त्याचे कौतुक करून पुढे जातात. याच्याच अळीस सुरसा म्हणतात, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

मादी फुलांवर, कोवळ्या फळांवर व देठांवर एकेक सुटे अंडे घालते. सात ते दहा दिवसांत अळी बाहेर पडून फळात शिरते. रामायणातील सुरसेने अक्राळविक्राळ जबडा पसरला होता; ही सुरसा मात्र सहजी नजरेस न येणाऱ्या छिद्रातून आत जाते व दाणे फस्त करते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे दोन सेंटिमीटर लांब, गर्द तपकिरी, आखूड केसांची व पांढुरक्या डागांची असते. शरीराचा मागील चपटा भाग छिद्राशी टेकवून ती आतून जणू दार लावून घेते.

याहूनही नवलाची गोष्ट म्हणजे, पोखरलेले फळ गळून पडू नये म्हणून ती बाहेर येते आणि तोंडातील रेशमी धाग्याने फळाचा देठ फांदीशी बांधते. त्यामुळे आतून पोकळ झालेले फळही झाडावर लोंबकळत राहते व मालकाची फसगत होते. छिद्रातून विष्ठा बाहेर येऊ लागली व दुर्गंधी सुटली, की मग किडीचा पत्ता लागतो. तोवर बुरशी व जंतू शिरून फळ सडू लागलेले असते. कोशही बहुधा फळातच होतो.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत एक ते दोन महिने लागतात, व वर्षात अनेक पिढ्या होतात. पेरू व चिंच यांच्या फळांतही ही अळी वाढते; म्हणून बांधावरील झाडेही पाहावीत.

फळ लिंबाएवढे होताच त्यावर कागदी अगर पातळ कापडाची पिशवी बांधावी. मोठ्या बागेत हे काम जिकिरीचे आहे खरे, परंतु अळी एकदा आत गेल्यावर बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. किडलेली फळे कित्येकजण झाडाखालीच टाकतात. तेथे कोशातून फुलपाखरू निघून पुन्हा त्याच झाडावर अंडी घालते. अशी फळे, फांदीला बांधलेल्या फळांसह, दर आठवड्यास वेचून खोल खड्ड्यात पुरावीत.