तंबूतली प्रेमकथा आणि तंबूबाहेरचे वास्तव

परभणी शहरात दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. कापसाची वेचणी उरकलेली, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खुळखुळत असलेले आणि पावसाची भीती नाही, असा हा काळ. सर्कशीला आणि फिरत्या सिनेमाला मोकळे मैदान, कोरडी जमीन आणि खर्च करू शकणारा प्रेक्षक एकाच वेळी लागतो. त्यामुळे मराठवाड्यातल्या जत्रांचे दिवस या दोन्ही व्यवसायांना मानवत आले. एका तंबूत माणसे झुल्यावरून हवेत झेप घेत, दुसऱ्या तंबूत पडद्यावरचे नायक-नायिका गाणी म्हणत. पडद्याने या शेजाऱ्याकडे पाहिले तेव्हा त्याला तेथे बहुधा एकच गोष्ट दिसली : प्रेम, आणि तेही बहुतेक वेळा अधुरे. असे का व्हावे?

याचे पहिले उत्तर 'मुक्काम' या शब्दात आहे. सर्कस एका गावात काही आठवडे राहते, प्रेक्षक आटले की खुंट्या उपटते. गावातल्या कुणी सर्कशीतल्या कुणावर जीव जडवला, तर त्या प्रेमाची मुदत पहिल्याच दिवशी ठरलेली असते. चार्ली चॅप्लिनच्या 'द सर्कस' (१९२८) या चित्रपटाचा शेवट याच गोष्टीवर उभा आहे. सर्कसमालकाच्या मुलीवर प्रेम करणारा भटक्या स्वतःच तिचे लग्न तारेवर चालणाऱ्या तरुणाशी लावून देतो, गाड्या निघून जातात आणि तो रिकाम्या मैदानावर उमटलेल्या रिंगणाच्या खुणेत एकटा उरतो.

दुसरे उत्तर झुल्याच्या खेळात आहे. उडी घेणारा हातातला दांडा सोडतो, हवेत गिरकी घेतो आणि समोर गुडघ्यांवर उलटा लटकलेला साथीदार त्याची मनगटे पकडतो. दोघांचे झोके एकाच लयीत नसतील, तर हातांची गाठच पडत नाही. खाली जाळी असली तरी जाळीवर वेडेवाकडे पडणारा जायबंदी होतो. म्हणजे पकडणाऱ्यावरचा विश्वास ही तेथे अगदी शारीरिक गरज असते. त्या विश्वासात मत्सर शिरला की नाट्य आपोआप उभे राहते. जर्मनीतला 'व्हरायटी' (१९२५) आणि कॅरॉल रीड यांचा 'ट्रॅपीझ' (१९५६) हे दोन्ही चित्रपट दोन पुरुष, एक स्त्री आणि एक झुला एवढ्या भांडवलावर चालतात. 'ट्रॅपीझ'चा नायक बर्ट लँकेस्टर तारुण्यात स्वतः सर्कशीत कसरती करत असे, हे त्याच्या खांद्यांकडे पाहूनही कळते.

आपल्याकडे या प्रकारातला सर्वांत मोठा प्रयत्न राज कपूर यांचा. 'मेरा नाम जोकर' १८ डिसेंबर १९७० रोजी प्रदर्शित झाला. कथा-पटकथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, निर्मितीला लागलेली वर्षे सुमारे सहा, लांबी सव्वाचार तासांच्या आसपास आणि मध्यंतरे दोन. जेमिनी सर्कशीचे कलावंत आणि सोव्हिएत सर्कशीचा ताफा त्यात खरोखर काम करताना दिसतो. विदूषक राजूच्या आयुष्यात तीन स्त्रिया येतात आणि तिघीही दूर जातात.

गंमत अशी की, सर्कशीचा चित्रपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कथेतला सर्कशीतला प्रणय प्रामुख्याने मधल्या भागातच आहे. पहिला भाग शाळेतला. शिक्षिकेवर भाळलेल्या पोरवयाचा. तो भाग तरल खराच, आणि कोवळ्या ऋषी कपूरला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तिसऱ्या भागात राजू सर्कस सोडून रस्त्यावर आणि पुढे रंगभूमीवर पोहोचतो, आणि चित्रपट तेथेच सैलावतो. मधला भाग मात्र नेमका आहे. झुल्यावरची रशियन कलावंत मरीना आणि राजू यांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्यात भांडण होत नाही, खलनायक येत नाही. तिच्या ताफ्याचा करार संपतो आणि ती मायदेशी निघते, इतकेच. मुक्काम संपणे याहून मोठे कारण सर्कशीतल्या विरहाला लागत नाही. याच भागात राजूची आई तंबूत बसून त्याला उंचावर पाहते. नवरा सर्कशीतल्या अपघातात गमावलेल्या त्या माऊलीला हा धक्का सोसत नाही आणि ती प्राण सोडते. राजूला मात्र पुढचा प्रवेश हसवत पार पाडावा लागतो.

प्रेक्षकांनी चित्रपट नाकारला. एवढ्या लांबीच्या चित्रपटाचे दिवसाकाठी खेळच कमी बसत, हे चित्रपटगृहांचे गणित. त्या काळी मोठ्या शहरांत न चाललेल्या चित्रपटाची ती ख्याती जिल्ह्याच्या गावी प्रिंटच्या आधी पोहोचत असे, हेही तितकेच खरे. राज कपूर कर्जात बुडाले, स्टुडिओ गहाण पडला. १९७३ च्या 'बॉबी'ने त्यांना वर काढले. 'जोकर' पुढे कापून छोट्या आवृत्तीत दाखवला गेला आणि नंतरच्या पिढ्यांनी तो डोक्यावर घेतला. मरीना झालेल्या क्सेनिया रियाबिंकिना २००९ साली 'चिंटूजी'मध्ये ऋषी कपूर यांच्यासमवेत पुन्हा पडद्यावर दिसल्या.

या सगळ्यात मराठी माणसाला एक गोष्ट खटकावी. भारतीय सर्कशीचा जन्म महाराष्ट्रातला. इटालियन कियारिनीची सर्कस मुंबईत पाहून विष्णुपंत छत्रे या कुरुंदवाड संस्थानातल्या अश्वशिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. त्यांच्याच प्रेरणेने केरळात थलश्शेरीला कीलेरी कुंजिकण्णन यांनी कसरतपटू घडवले आणि पुढच्या शंभर वर्षांची सर्कस मल्याळी हातांत गेली. जेमिनी सर्कस १९५१ साली सुरू करणारे एम. व्ही. शंकरन त्याच परंपरेतले; ते २०२३ साली वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ करत. एवढी सामग्री घरात असताना छत्रे किंवा धोत्रे यांच्या तोडीची सर्कसकथा मराठी पडद्यावर येऊ नये, हे नवलच.

परभणीसारख्या गावी सर्कस पोहोचणे हेच एक दिव्य होते. पूर्वीच्या निजामी मुलखातला मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होता. मुंबईकडून ब्रॉडगेजवर आलेला माल मनमाडला उतरवून लहान डब्यांत चढवावा लागे. हत्ती, पिंजरे, खांब आणि कनाती यांचा संसार हाकणाऱ्याला त्यात किती दिवस मोडत असतील, याची कल्पना करावी. ही दगदग कोणत्याही प्रेमपटात दिसत नाही.

त्याहून मोठी गोष्टही दिसत नाही. चित्रपटातली झुल्यावरची मुलगी हवे तेव्हा येते, हवे तेव्हा जाते. प्रत्यक्षात नेपाळ आणि गरीब प्रांतांतून लहान मुली वर्षानुवर्षांच्या करारावर आणल्या जात. आईवडिलांना थोडी रक्कम देऊन अंगठा घेतला जाई आणि मुलीला घरी परतण्याची मुभा नसे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालण्याचे आणि अडकलेल्या मुलांच्या सुटकेचे निर्देश दिले. त्याआधी २००१ साली वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांच्या खेळांवरील बंदी त्याच न्यायालयाने कायम केली होती.

या निर्णयांनी सर्कस संपवली, असे तंबूवाले सांगतात. ते अर्धेच खरे. दूरचित्रवाणी आणि शहरांतल्या मैदानांची वाढती भाडी यांनीही तिचे कंबरडे मोडले. शिवाय लहान वयात हाडे वळवून घेतल्याशिवाय कसरतपटू तयार होत नाही, हा सर्कसवाल्यांचा जुना युक्तिवाद मान्य करायचा, तर त्या लहान वयाची किंमत कोण मोजत होते, हेही विचारावे लागते. मरीनाला परतायला देश होता आणि करारावर शेवटची तारीख होती. अंगठा देऊन आणलेल्या नेपाळी मुलीकडे यातले काहीच नव्हते, आणि तिची कथा अजून कुणी सव्वाचार तासांत सांगितलेली नाही.