खिशातील पिस्तुलांचा संग्रह आणि शस्त्रनामांची साक्ष

एकोणिसाव्या शतकात खिशात लपवून नेण्याजोगी जी लहान पिस्तुले युरोप-अमेरिकेत तयार झाली, त्यांच्या संग्राहकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो नावाचा. हातातील वस्तूस नेमके काय म्हणावयाचे हे ठरल्याखेरीज तिचा काळ ठरत नाही. आणि आपल्याकडे तर तिची कायद्यातील स्थितीही बव्हंशी वर्णनावरच अवलंबून असते.

मराठीतील शस्त्रनामे या दृष्टीने मोठी सूचक आहेत. ‘तमंचा’ हा शब्द फारसी-तुर्की वळणाचा. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे पोर्तुगिजांकडून आलेले. आज नवी मुंबईत मोडणाऱ्या बेलापुरासारखी ठाणी अठराव्या शतकात मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत पोर्तुगिजांच्या हाती होती. अशा किनाऱ्यावरून शस्त्राबरोबर त्याचे नावही आत आले, असे मानण्यास हरकत नाही. परंतु संग्राहकास याहून उपयोगी शब्द आहेत ते तोडा, चकमक आणि टोपी हे. बार पेटविण्याच्या तीन रीतींची ही तीन नावे आहेत, आणि त्यांचा क्रम हाच कालक्रम होय. तोड्याची पेटती वात खिशात बाळगता येत नाही. म्हणून खिशातील पिस्तुलाचा इतिहास चकमकीच्या आसपास सुरू होतो. १८०७ साली अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. पुढे १८२० नंतर तांब्याची टोपी रूढ झाली आणि कानावरची उघडी रंजक अनावश्यक ठरली.

येथेच खरी गफलत होते. त्या शतकात पुष्कळ चकमकी पिस्तुले टोपीची करून घेतली गेली. पुढे जुन्या वस्तूंच्या बाजारात चकमकीस भाव अधिक येऊ लागला, तेव्हा त्यांतील काही पुन्हा चकमकीची करण्यात आली! अशा वस्तूवर कान बुजविल्याच्या किंवा नव्या छिद्राच्या खुणा राहतात. हौशी संग्राहक गंज काढण्याच्या भरात पोलाद घासतो आणि नेमका हाच पुरावा नाहीसा करतो. पारखण्याच्या मुद्राही त्याबरोबर पुसल्या जातात. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरे असली, तर पिस्तुलाची परीक्षा बेल्जममधील लिएज येथे झालेली असते; त्यावर मुकुट असेल, तर ती १८९३ किंवा त्यानंतरची. एवढ्याशा मुकुटावर एखाद्या वस्तूचे वय ठरते.

नाव कसे सैल होते याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील आहे. फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर याची पिस्तुले इतकी लोकप्रिय झाली की इतर कारखानदार त्याचे नाव आपल्या मालावर उठवू लागले, आणि त्याला न्यायालयात जावे लागले. १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकनवर झाडलेले पिस्तूल त्याचेच होते. त्यानंतर ‘डेरिंजर’ हे विशेषनाम एका जास्तीच्या ‘र’सह सामान्यनाम बनले. त्यामुळे यादीत नुसते ‘डेरिंजर’ लिहिलेले आढळल्यास ते कर्त्याचे नाव आहे की प्रकाराचे, हे कळण्यास मार्ग नसतो.

महाराष्ट्रात असे संग्रह विरळ का, याचे एक कारण १८७८ चा शस्त्रकायदा हे होय. परवान्याच्या या बंधनानंतर घरगुती शस्त्रे टिकून राहणे कठीण झाले. संस्थानिकांची शस्त्रागारे आणि पुण्यातील दिनकर केळकर यांच्यासारख्या संग्राहकांचे प्रयत्न यांमुळे काही वाचले. केळकरांनी सुमारे १९२० पासून जमविलेला संग्रह १९७५ साली राज्य शासनास दिला.

आजचा कायदा १९५९ चा आहे. त्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. मात्र दुरुस्तीने अथवा दुरुस्तीवाचून जे बंदूक म्हणून वापरता येत नाही, असेच ते असावे लागते. हे विशेषण-वाक्य तिन्ही पर्यायांना लागू आहे की केवळ शेवटच्या ‘मोडक्या’स, हा वाक्यरचनेचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून राहू शकते. शहाण्या संग्राहकाने संकुचित अर्थ गृहीत धरावा आणि वस्तू घेण्यापूर्वीच परवाना अधिकाऱ्याकडे खुलासा मागावा. शिवाय नळी जुनी म्हणजे रिकामी, असे समजू नये. ठासणीच्या पिस्तुलात शंभर वर्षांपूर्वीचा बारही तसाच असू शकतो. म्हणून ते तोंड कोणाकडेही न करता जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे.