चौकांतली बाटली आणि घरांतलीं मतें

मागांची पाळी सुटली म्हणजे इचलकरंजीचे चौक माणसांनीं भरून जातात. बारा तास खडखडाटांत उभा राहिलेला कामगार, पुष्कळदां परप्रांतांतून एकटाच आलेला, आपल्या कोंदट खोलींत परतण्यापूर्वीं घटकाभर रस्त्यावर रेंगाळतो. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु त्याच घटकेंत कोणी गुत्त्याकडे वळतो, गांवांतलेच कोणी टवाळ घोळका करून येणाऱ्याजाणाऱ्या मुलींवर शेरे मारतात. आणि मग शिकवणीहून परतणाऱ्या लेकीला आपण लांबचा रस्ता धरावयास सांगतों. अपराध एकाचा आणि वळसा दुसऱ्याला, असा हा न्याय आहे!

या गांवाला नागरी कारभार नवा नाहीं. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरींत १८९३ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग आणिला, आणि २०२२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तेव्हां ‘पालिका करते तरी काय?’ हा प्रश्न ओट्याओट्यावर निघतो. पण पोलीस राज्यसरकारचे, आणि दारूचा परवानाही राज्याच्याच उत्पादनशुल्क खात्याचा. पालिकेच्या हातीं उरते ती दिवाबत्ती, शौचकूप, रस्ते मोकळे ठेवणें आणि किरकोळ दंड. डिसेंबर २०१७ च्या शासननिर्णयानें नगरपालिका व लहान महापालिका यांच्या हद्दींत रस्त्यावर थुंकणाऱ्यास १०० रुपये दंड ठरला. दंड ठीकच, पण अंधाऱ्या बोळांतला एक जळता दिवा दहा पावत्यांहून अधिक काम करतो, असें मला वाटतें. (सज्जांतून खालीं पिंक टाकणारे आमच्यांतले काका या दंडांतून कसे निसटतात, हेंही कोणी सांगावें.)

दारूच्या दुकानापुरता मात्र एक अधिकार थेट नागरिकांच्या, आणि विशेषतः स्त्रियांच्या, हातीं आला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं २००८ सालीं एक आज्ञा निघाली. गांवांतील किंवा प्रभागांतील २५ टक्के स्त्रीमतदारांनीं सह्यांचा अर्ज करावा, सह्या पडताळल्या जाव्यात, आणि मग गुप्त मतदान व्हावें. मतपत्रिकेवर दोन चित्रें: एक उभी बाटली, एक आडवी.

मेख आहे ती मोजणींत. मूळ आज्ञेप्रमाणें आडव्या बाटलीला निम्म्यांहून अधिक मतें हवींत, आणि तीं झालेल्या मतदानाच्या नव्हेत, तर नोंदलेल्या सर्व स्त्रीमतदारांच्या! समजा, प्रभागांत २,००० स्त्रीमतदार आहेत. त्यांपैकीं १,२०० जणी आल्या आणि १,००० जणींनीं बाटली आडवी केली, तरी दुकान चालूच राहावयाचें; एक मत कमी पडलें! घरीं राहिलेल्या ८०० जणी न बोलतां उभ्या बाटलीच्या पारड्यांत गेल्या.

या घरीं राहणाऱ्या कोण? जिच्या नवऱ्याची मजुरी गुत्त्यांत जाते, ती बाई अर्धा दिवस बुडवून रांगेंत उभी राहील. मागें राहण्याचा संभव आहे तो आपल्याच घरीं: ‘आपल्याकडे कोण पितें?’ म्हणून, दुकानदार ओळखीचा म्हणून, किंवा त्याच दिवशीं सवाष्ण जेवावयास आहे म्हणून. एकत्र कुटुंबांत चार-पांच मतें एकाच उंबऱ्याआड असतात. सासूबाई निघाल्या तर सुनाही निघतात. त्या बसल्या तर पांचही मतें बसतात, आणि लेक पुन्हा लांबच्या रस्त्यानें घरीं येते.