खाडीकाठची मारांडी आणि कावीळ

न्हावा-शेवा, उरण भागात खाडीच्या कडेला, भरतीचे पाणी पोचते तिथे कांदळवनात एक काटेरी झुडूप माजते. पानांच्या कडांना टोकदार काटे, वर निळसर-जांभळी फुले. ही मारांडी, शास्त्रीय नाव अकँथस इलिसिफोलियस. चिखलातून शोषलेले जादा मीठ ती पानांवाटे बाहेर टाकते.

दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर हिलाच ‘लाओशूले’, म्हणजे उंदीरकाटा म्हणतात. तिथल्या लोकवैद्यकात यकृताचा दाह, यकृत-प्लीहेची वाढ, लसिकाग्रंथींची सूज आणि दमा यांवर ती देतात. आपल्याकडचा वापर वेगळा. कोकणात तिचा काढा खडीसाखर व जिरे घालून आंबट ढेकरांवर देत, तर गोव्यात बुळबुळीत पानांनी संधिवाताचे सांधे शेकत. झुडूप एकच, पण यकृत आठवले ते चिन्यांना!

त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. कार्बन टेट्राक्लोराइड देऊन उंदरांचे यकृत बिघडवले, तेव्हा मारांडीच्या पानांच्या अर्काने ही हानी कमी झाली, असे भारतीय संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. पण रसायनाने बिघडलेले उंदराचे यकृत वेगळे आणि विषाणूने सुजलेले माणसाचे वेगळे. पारंपरिक वनस्पतीतून औषध निघू शकते, हे चीनच्याच तू योयो यांनी मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनने सिद्ध केले. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. मात्र त्यांनी पाला वाटून दिला नाही. गुणकारी रेणू वेगळा काढला, मात्रा ठरवली, रुग्णांवर चाचण्या झाल्या. मारांडी त्या वाटेवर अजून फार मागे आहे.

मग काविळीवर पाला लागू पडलेला का दिसतो? दूषित पाण्यातून होणारा हेपटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्या काळात काढा घ्या, गळ्यात माळ घाला, नाही तर नुसते पडून राहा. कावीळ उतरतेच आणि श्रेय माळेला मिळते. पण गरोदर बाईला ‘ई’ची लागण झाली तर जिवावर बेतू शकते. ‘बी’ आणि ‘सी’ वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. ‘सी’ तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, तर कुठलाच काढा तो काढत नाही.

आणखी एक गोष्ट. बंदरे व कारखान्यांजवळच्या खाडीच्या गाळात शिसे, कॅडमियमसारखे धातू साचतात आणि अशा गाळात वाढणारी झाडे ते शोषू शकतात. आजारी यकृताला असा काढा पाजण्यात काय शहाणपण?

डोळे पिवळे दिसले की बिलिरुबिन, यकृताची एन्झाइम्स व विषाणूंच्या तपासण्या कराव्यात. गुंगी, असंबद्ध बडबड, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा पोटात पाणी दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गरोदर बाईने तर नुसते डोळे पिवळे दिसले तरी.