तांब्याचे पाणी आणि पितळेतील दूध

चातुर्मासात प्रभावना म्हणून काय वाटावे, हा प्रश्न प्रत्येक संघापुढे दरवर्षी नव्याने उभा राहतो. स्टीलचे डबे झाले, चांदीची नाणी झाली. अलीकडच्या काही वर्षांत चिंचवड-निगडीपासून भोसरी-चाकणपर्यंतच्या कार्यक्रमांत तांब्याच्या बाटलीने मानाचे स्थान मिळविले आहे. भेट दिसायला देखणी, परंपरेशी नाते सांगणारी आणि देणाऱ्याच्या खिशाला झेपणारी. तिच्यासोबत बहुधा एक छापील चिठ्ठी असते. पचन सुधारते येथपासून आरंभ करून ती मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि वाढते वजन येथपर्यंत पोहोचते.

याच्या अगदी उलट बोलणारा एक पंथही पर्यायी आरोग्याच्या बाजारात आहे. त्याच्या मते आजच्या माणसाच्या शरीरात तांबे साठून राहिले आहे. थकवा, चिडचिड, निद्रानाश हा सारा त्याचाच परिणाम. उपाय म्हणून तो केसांची खनिज-तपासणी सुचवतो आणि मग जस्ताच्या गोळ्या हाती ठेवतो. एक दुकान तांबे विकते, दुसरे तांबे काढण्याचे औषध विकते. आपल्या समाजातील कुटुंबे या वादात केवळ ग्राहक नाहीत. भांड्यांची पेढी, औषधाचे दुकान, सुक्या मेव्याची वखार अशा अनेक ठिकाणी ती गल्ल्याच्या आतल्या बाजूस बसलेली असतात. म्हणून या वादातील आकडे त्यांनी इतरांपेक्षा अधिक काळजीने पाहायला हवेत.

तांबे हे शरीराला लागणारे खनिज आहे, याविषयी वाद नाही. रक्तनिर्मिती, हाडांची बळकटी, मज्जातंतूंचे आवरण, सर्वत्र त्याचे काम असते. मात्र प्रौढ माणसाची रोजची गरज एक ते दोन मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोनाराच्या काट्यावरही न दिसणारी. तीळ, काजू, हरभरा, मूग, मसूर या आपल्या नेहमीच्या आहारातून ती सहज भागते. जैन स्वयंपाकघरात कडधान्यांना असलेले स्थान पाहता, सर्वसाधारण निरोगी माणसाला तांब्याची गोळी घेण्याचे कारण क्वचितच पडते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. त्यांना डॉक्टर तपासणी करून तांबे देतात.

तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याच्या प्रथेला शास्त्राचा आधार नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बेंगळुरू येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिसाराचे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले होते. त्यानंतर त्यात जिवंत जंतू सापडले नाहीत. पाण्यात उतरलेले तांबे लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम, तर भारतीय मानकाची सवलतीची कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे रात्री तांब्यात भरून ठेवलेले साधे पाणी सकाळी प्याल्याने प्रौढ माणसाला अपाय होतो, असे म्हणायला जागा नाही.

पण या प्रयोगाने जे सिद्ध केले ते जंतूंपुरते आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांचा त्यात उल्लेखही नाही. शिवाय जेथे पाणी गाळून उकळूनच प्यायले जाते, त्या घरात तांब्याने मारायला जंतू उरतातच किती? उकळलेल्या पाण्याची परंपरागत काळमर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर मानली जाते. तीन प्रहर म्हणजे नऊ तास. प्रयोगातील सोळा तास चातुर्मासातील पाण्याच्या या मर्यादेत बसतच नाहीत. ज्या आचाराने जंतूंचा प्रश्न आधीच सोडवला आहे, त्याच आचाराच्या घरात बाटली जंतूंच्या नावाने विकली जावी, ही गंमतच म्हणायची.

खरा प्रश्न पाण्याचा नाही, दुधाचा आहे. आणि त्याची कथा पिंपरीपासून अवघ्या काही कोसांवर, पुण्याच्या रास्ता पेठेत घडलेली आहे.

साठ-सत्तरीच्या घरातील वाचकांना ‘लिव्हर वाढलेली’ बाळे आठवत असतील. सहा महिने ते तीन वर्षे वयाचे मूल किरकिरे होई, पोट फुगे, हाताला यकृताची टणक कड लागे, मग कावीळ दिसू लागे आणि काही महिन्यांत सारे संपे. एकाच घरात एकामागून एक दोन मुले गेल्याची उदाहरणे होती. वैद्यकाच्या ग्रंथांत या रोगाला देशाचेच नाव पडले: ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’. त्याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडते. विशेष असे, की तो अगदी गरिबाच्या झोपडीत कमी आणि खेड्यातील खात्यापित्या घरात अधिक दिसे. दृष्ट, करणी, आईच्या दुधाचा दोष अशी अनेक कारणे सांगितली जात. बालयकृताची नाना औषधे खपत.

रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे अशी मुले पाहत होते. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने त्यांनी या रोगाचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात आढळत होते. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे तांबे पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते कित्येक पटींनी, अनेकदा हजाराच्या घरात असे. हे तांबे येत होते कोठून? संशोधक बाळाच्या आहारापर्यंत पोहोचले, आणि तेथून चुलीवरच्या पातेल्यापर्यंत. १९८३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गाईम्हशीचे दूध पितळेच्या भांड्यात तापवून, त्यातच ठेवून, फार लहान वयात बाळाला पाजणे हे रोगाचे संभाव्य कारण असल्याचे त्यात मांडले होते. पुढे आजारी मुलांच्या आहाराची तुलना निरोगी मुलांच्या आहाराशी केली, तेव्हा हाच धागा बळकट झाला.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पितळेतून तांबे दुधात उतरते आणि दुधातील केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवते. पुन्हा पुन्हा तापवणे, तासन् तास त्याच भांड्यात राहू देणे, यामुळे प्रमाण वाढत जाते. जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्ती तान्ह्या बाळात पुरती आलेली नसते. आईच्या दुधात तांबे अल्प असते. त्यावर वाढणारे मूल सुरक्षित राही. खात्यापित्या घरातच रोग का, याचेही उत्तर येथे मिळते: वरचे दूध विकत घेण्याची आणि ते ठेवायला पितळेची चरवी असण्याची ऐपत त्यांचीच होती.

पितळेतील दूध प्यालेले प्रत्येक मूल आजारी पडले नाही, हेही खरे. काही मुलांत जन्मजात दुबळेपणा असावा, असे संशोधकांचे मत आहे. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांताचा दाखला याला पुष्टी देतो. तेथील एका ग्रामीण भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अशाच यकृतरोगाने दगावली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांतील गाईचे दूध आणि आनुवंशिक कमकुवतपणा अशी दोन्ही कारणे तेथे एकत्र आली होती. तेथील घरांतून ती भांडी गेली आणि रोगही गेला.

आपल्याकडेही तसेच घडले. पेनिसिलामाइन हे शरीरातील तांबे बाहेर काढणारे औषध कावीळ होण्यापूर्वी सुरू केले तर काही मुले वाचत. (हे औषध मूळचे पेनिसिलिनपासून निघालेले, आणि पेनिसिलिनचा देशातील पहिला सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो पिंपरीलाच.) पण रोग ओसरला तो मुख्यतः औषधाने नव्हे, तर स्टीलच्या पातेल्याने. १९८० ते २००० या काळात घरोघरची पितळेची चरवी आणि पातेली मोडीत गेली, वजनावर स्टील घरी आले. ती मोड ज्यांच्या तराजूत पडली, त्यांत आपल्याच समाजातील भांड्यांचे व्यापारी मोठ्या संख्येने होते. एका भयंकर बालरोगाच्या निर्मूलनात आपला हातभार लागत आहे, याची त्यांना कल्पनाही नसेल. ज्या गल्ल्यावरून स्टील गेले, त्याच गल्ल्यावरून आता ‘पारंपरिक आरोग्यदायी भांडी’ या नावाने पितळेचे पातेले परत घरात जात आहे. वाकड, रावेत, मोशी, चाकण येथील नव्या वसाहतींत ते घेणाऱ्या तरुण जोडप्यांनी लिव्हर वाढलेले बाळ कधी पाहिलेले नाही.

परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी परंपरा पूर्ण वाचलेली नसते. आपल्या आज्या पितळेची भांडी वापरीत, पण कल्हई करून. नवसागराचा धूर आणि भांड्यात चमकत फिरणारे कथील पाहायला गल्लीतील मुले कल्हईवाल्याभोवती गोळा होत. ताक, चिंच, लोणचे तांब्या-पितळेत ठेवले की ‘कळकते’, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात तर अशुद्ध तांब्याचे आठ दोष सांगितले आहेत. ताम्रभस्म नीट तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी ते दह्यावर टाकून ठेवतात. दह्याला हिरवट छटा आली तर भस्म कच्चे. तांब्याविषयी इतकी सावध असलेली विद्या बाटलीवरच्या चिठ्ठीत सरसकट गुणगानाला जुंपली जाते.

तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी, कोकम सरबत किंवा ताक भरून नेणे म्हणूनच टाळावे. आंबट पदार्थात तांबे झपाट्याने उतरते आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते.

मिलिग्रॅमचा हा हिशेब औद्योगिक पट्ट्यातील उद्योजकांना नवा नाही. भोसरीत ज्यांचे प्लेटिंगचे काम आहे, त्यांना ठाऊक असते की नदीनाल्यात किंवा गटारात सोडायच्या सांडपाण्यातही तांबे लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. त्यासाठी नमुने तपासले जातात, कागद ठेवले जातात. कारखान्याच्या गटाराला मोजमाप आहे. नातवाच्या दुधाच्या पातेल्याला मात्र नाही.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू. केसांच्या तपासणीवर उपचार बेतण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९८५ मध्ये अमेरिकेत दोन निरोगी मुलींच्या केसांचे नमुने तेरा प्रयोगशाळांकडे पाठविले गेले, तर २००१ मध्ये एकाच व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांकडे. दोन्ही वेळा अहवाल परस्परांशी जुळले नाहीत. एकाच खात्याची तेरा शाखांनी तेरा वेगवेगळी शिल्लक दाखविली, तर त्यावर कर्ज कोण मंजूर करील?

जस्ताच्या गोळ्यांची बाब अधिक गंभीर आहे. करोनाच्या काळात घराघरांत त्या आल्या आणि अनेकांच्या डब्यात तशाच राहिल्या. जस्त जास्त झाले की आतड्यात तांब्याचे शोषण रोखले जाते. प्रौढांसाठी जस्ताची वरची मर्यादा अमेरिकेत दिवसाला ४० मिलिग्रॅम मानतात. ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन् महिने घेतली तर तांब्याची कमतरता होऊ शकते. त्यातून रक्तक्षय, पांढऱ्या पेशी घटणे, पायांना मुंग्या आणि तोल जाणे असे विकार उद्भवतात. वय झाले म्हणून तोल जातो, अशी घरच्यांची समजूत होते. विल्सन या आनुवंशिक रोगात, जेथे तांबे खरोखरच शरीरात साठते, तेथे डॉक्टर याच गुणासाठी जस्त मुद्दाम देतात. त्या रुग्णांनी तांब्याचे भांडे पूर्णपणे टाळावे. घरात कोणाला लहान वयात कारण न समजता यकृताचा विकार झाला असेल, तर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

दुकानदारांसाठी कायद्याची बाजू थोडक्यात. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, संधिवात यांचा समावेश आहे. औषध असो वा कडे-ताईत, ते हे विकार बरे करते अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. संधिवातावरच्या तांब्याच्या कड्याची तर ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात कड्याचा प्रत्यक्ष उपयोग आढळला नाही. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. काउंटरवर तोंडी सांगितलेल्या गुणांनी ती ओळ पुसली जात नाही.

भांडी विकणाऱ्याने पितळेचे पातेले देताना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: आत कल्हई आहे का हे गिऱ्हाइकाने पाहिले का, आणि घरात तान्हे मूल आहे का. कल्हई घासून झिजते, आतून पिवळा धातू दिसू लागला की ती पुन्हा करावी लागते, आणि कथिलात शिशाची भेसळ नसावी हेही पाहावे लागते. पिंपरी बाजारात आणि पुण्याच्या तांबट आळीच्या परिसरात हे काम जाणणारे कारागीर अजून मिळतात. बाळाचे वरचे दूध मात्र कल्हई असली तरी स्टीलमध्येच तापवावे आणि स्टीलमध्येच ठेवावे.